हात तिचा, बुकिंग तुमचं

प्रश्न (थोडक्यात): सांगलीत आमचा गणपतीचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. मुलगी वीस वर्षांची, अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला. नववीपासून मूर्तींचे डोळे तीच आखते. बाकी वर्षभर टॅब्लेटवर पुण्याच्या प्रकाशकांसाठी चित्रं करून महिन्याला बारा-चौदा हजार मिळवते. गेल्या गणपतीपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं म्हणते. डॉक्टरांनी पट्टा दिलाय आणि सहा आठवडे हात थांबवायला सांगितलाय. यंदाचं साडेचारशे मूर्तींचं बुकिंग झालंय. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं आखणी केली, त्यांचा हात कधी दुखला नाही. तोवर तिच्याकडून डाव्या हाताचा सराव करून घेतोय, नमुन्याचं पान सोबत जोडलंय. नाहीच जमलं तर कला सोडून बँकेच्या परीक्षेला बसवावं का?

उत्तर:

नमस्कार. तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात 'बुकिंग' आणि 'ऑर्डर' हे शब्द मिळून नऊ वेळा आलेत, 'दुखतं' एकदा, तेही 'म्हणते'ला जोडून. तिला स्वतःला काय वाटतं, ते कुठंच नाही. पत्रावर विषय लिहिलाय 'मुलीचं करिअर'. पण पत्र आहे यंदा डोळे कोण आखणार याचं. तुम्ही वाईट बाप आहात असं मला म्हणायचं नाही. घरचा धंदा असला की घरातलं माणूस कधी कामगार होऊन बसतं, ते कळत नाही. कामगार असता तर एव्हाना सुट्टी मागून गेला असता.

तुम्ही जोडलेलं पान माझ्यासमोर आहे. पेन्सिलीनं काढलेले साठ डोळे, दहा-दहाच्या सहा ओळी. पहिल्या ओळीत रेघ हलकी आहे, जराशी कापरी. चौथ्या ओळीपासून ती ठळक होत जाते. शेवटच्या ओळीत पेन्सिल इतकी दाबलीय की कागद उलटून बोट फिरवलं तर डोळे हाताला लागतात. तुम्ही त्या ओळीला 'सुधारणा' असं लिहून बाण काढलाय. ती सुधारणा नाही. हात दमला की रेघेवरचा ताबा सुटू नये म्हणून माणूस पकड आवळतो. उजवा हात बहुधा याच वाटेनं गेला, आता डावा निघालाय.

डावा हात म्हणजे गाडीची स्टेपनी नव्हे. इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे वैद्य होते. कामामुळे जडणाऱ्या आजारांवर त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. 1713 साली त्यांनी दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या दुखण्याची कारणं सांगितली: सतत बसून राहणं, हात एकाच दिशेनं न थांबता हलत राहणं आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात असा निकामी झाला, तेव्हा त्यानं डाव्या हातानं लिहायची सवय केली. थोड्याच दिवसांत डाव्यालाही तेच दुखणं लागलं. तिसरं कारण तुम्हाला मी सांगायची गरज नाही. बाकी सगळी मूर्ती साधली आणि एक बुबुळ जरा तिरपं गेलं, तर गिऱ्हाईक ती उचलत नाही. ते ओझं घेऊन तुमची मुलगी श्वास धरून ब्रश टेकवते.

आता आजोबांबद्दल. त्यांचा हात दुखला नाही, की त्यांनी सांगितलं नाही, हे तुमच्या आईंना विचारा. पण मानू की दुखला नाही. ते वर्षातले किती आठवडे आखणी करायचे? उरलेल्या महिन्यांत हातात काय असायचं? माती मळणं, साचे भरणं, ओझी उचलणं, म्हणजे हाताला दरवेळी वेगळं काम. तुमच्या मुलीचा हिशेब मांडून बघा. एका डोळ्याला सहा-सात रेघा. भुवया, गंध, सोंडेवरची नक्षी धरून मूर्तीमागे वीसेक. शेवटच्या पंधरवड्यात रोज तीस मूर्ती म्हणजे सहाशे रेघा, सगळ्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, मनगट अधांतरी ठेवून. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवसापासून तीच चिमूट टॅब्लेटच्या पेनवर. त्यावर कॉलेजची सबमिशन्स, मोबाइल आणि घरी कणीक मळणं. हात ही कामं वेगळी मोजत नाही. 'सवयीनं हात तयार होतो' हे खरं आहे, पण त्या तयार व्हायला मधे उसंत लागते.

अंगठ्याच्या मुळाशी दोन स्नायुबंध एका अरुंद आवरणातून जातात. तीच ती हालचाल होत राहिली की आवरण जाड होतं, आतली जागा कमी पडते आणि अंगठा हलला की कळ येते. स्विस शल्यचिकित्सक द कर्वेन यांनी 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. तिचं दुखणं तेच की दुसरं काही, ते डॉक्टर ठरवतील. मी डॉक्टर नाही. मात्र रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तिनं ते आवर्जून सांगावं, कारण तेव्हा प्रश्न नसेचा असू शकतो. दवाखान्यांसाठी नावाजलेलं मिरज शेजारी असताना हातासाठी चांगला फिजिओथेरपिस्ट शोधणं अवघड नाही. सांगलीत राहून हळदीच्या लेपाला नावं ठेवायची माझी छाती नाही. लावा, पण तो लावून ब्रश हातात देऊ नका. इंजेक्शनचंही तसंच. त्यानं दुखायचं थांबू शकतं, पण म्हणून हात लगेच सहाशे रेघांना तयार झाला असं नाही.

बँकेचं एका वाक्यात: तिथल्या बहुतेक परीक्षांना पदवी लागते, आणि नोकरीत दिवसभर कीबोर्ड आणि माऊस आहे, म्हणजे मनगटाची सुटका नाहीच. चित्रकला शिक्षकाच्या पदविकेचा विचार पदवीनंतर, तोही तिला वाटलं तर.

करिअरचा सल्ला इथं तुम्हालाच हवाय. साडेचारशे मूर्तींचा कारखाना एका मुलीच्या अंगठ्यावर उभा असेल, तर तो धंदा कच्चा आहे. यंदा काही बुकिंग फिरवा, गिऱ्हाइकाला आत्ताच फोन करा; चतुर्थीच्या आदल्या दिवशी करण्यापेक्षा बरं. काही मूर्ती पेणहून रंगवून, डोळे आखूनच आणा. उरलेल्यांसाठी दोन कारागीर मजुरीवर लावा. त्यांना शिकवायचं काम तिचं, पण तोंडानं. शेजारी उभं राहून 'बुबुळ जरा वर घे' एवढं सांगायला मनगट लागत नाही. आणि त्याचे पैसे तिला द्या. पत्रात तिच्या बाहेरच्या कमाईचा आकडा आहे, कारखान्यातल्या मजुरीचा नाही. तो नसावाच, अशी मला शंका आहे.

आता दोन शब्द तिच्यासाठी. हा भाग तिला वाचायला द्या. प्रकाशकांना आजच कळव की पुढची चित्रं उशिरा येतील. खरं कारण सांग. चांगला संपादक थांबतो. जो थांबत नाही तो पुढंही तुझा हात असाच पिळून घेईल. कॉलेजला डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज दे, तोंडी सांगितलेलं सबमिशनच्या दिवशी कुणाला आठवत नाही. सहा आठवड्यांनी एकदम पूर्ण काम घेऊ नकोस. आधी दहा मिनिटं, मग विश्रांती, आणि वेळ किती वाढवायचा ते फिजिओथेरपिस्टला विचारून. ब्रशच्या दांडीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ, दांडी जाड झाली की चिमूट कमी आवळावी लागते. टॅब्लेटवर कॅनव्हास मोठा करून लांब रेघा कोपरातून, खांद्यातून काढायची सवय लाव. आधी त्या बेंगरूळ येतील, येऊ देत. चित्राचा विचार, मांडणी, रंगांचं ठरवणं हे काम हात न चालवताही होतं आणि पुढं त्याचेच जास्त पैसे मिळतात.

जमलं तर एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय बघून ये. वही-पेन्सिल न घेता जा, नुसतं बघायला. ते उभारणारे औंध संस्थानचे राजे, पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रं काढायचे आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. सूर्यनमस्कार मात्र तू सध्या घालू नकोस, त्यात मनगटावर बराच भार येतो. हे तुझ्या बाबांनाही सांगते, कारण पत्राच्या ताज्या कलमात त्यांनी 'पहाटे बारा नमस्कार सुरू केलेत' असं लिहिलंय.

आणि बाबा, डाव्या हाताचा सराव आजपासून बंद. ते साठ डोळ्यांचं पान मी परत पाठवत नाही. दुसरं करून घेऊ नका.