वेबसाइटच्या पानावर ‘सांगली हळद’ हा कीवर्ड किती वेळा टाकावा?

तुम्ही लिहिलंय की घरच्या हळदीची वेबसाइट काढली, डिझायनरच्या सांगण्यावरून प्रत्येक पानावर ‘सांगली हळद’ चाळीसेक वेळा घातलं, तरी गूगलवर पान दिसत नाही. मग कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर जे लिहून शोधतात तो शब्द, नेमका किती वेळा टाकायचा?

असा आकडा नाहीच. शंभर शब्दांत तीनदा, पाचदा असले हिशेब सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. एकच शब्द पानभर कोंबणं गूगलच्या नियमांत स्पॅम धरलं जातं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत गावांची नावं लपवणंही त्यातच येतं. पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड्स’ नावाची ओळ असते, ती क्रमवारीसाठी वापरत नाही असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. त्या ओळीसाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आमचं सांगलीच्या गणपती पेठेत हळद-बेदाण्याचं दुकान आहे. पहिली साइट बनवून घेतली तेव्हा तळाशी साताऱ्यापासून सोलापुरापर्यंतच्या गावांची जंत्री होती. वर्षभरात तिच्यावरून एकही फोन आला नाही. मग मी दुकानातल्या फोनशेजारी एक वही ठेवली आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला लागलो. दोन महिन्यांनी वही वाचली, तर ‘सांगली हळद’ असं जवळपास कोणी म्हटलेलंच नव्हतं. लोक विचारत होते, ‘लोणच्याला कुठली हळद घ्यावी?’, ‘राजापुरी आणि सेलममध्ये फरक काय?’, ‘हळद पावडरीत भेसळ आहे हे घरी कसं ओळखायचं?’, ‘पूजेला अख्खी हळकुंडं पाव किलो मिळतील का?’ कीवर्ड म्हणतात तो हाच. आपण मार्केट यार्डात हळकुंड, गड्डा, पॉलिश, सौदा या भाषेत बोलतो. पुण्यातल्या स्वयंपाकघरातली बाई त्या भाषेत शोधत नाही. उलट परराज्यातला किंवा निर्यातीचा खरेदीदार हळकुंडाला ‘फिंगर’ आणि गड्ड्याला ‘बल्ब’ म्हणतो. त्याच्यासाठी वेगळं इंग्रजी पान करा, दोघांना एकाच पानावर बसवू नका.

एका प्रश्नाला एक पान. त्या पानाच्या टायटलमध्ये (गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं शीर्षक), मोठ्या मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात आणि जमलं तर पानाच्या वेब-पत्त्यात तो शब्द आला की काम झालं. पुढे तो ओघात येईल तितका येऊ द्या. आपल्याकडच्या कितीतरी साइटींच्या टायटलमध्ये नुसतं ‘होम’ असतं. तिथे ‘राजापुरी हळद पावडर, सांगलीहून घरपोच’ असं लिहा. निकालात टायटलखाली येणारं दोन ओळींचं वर्णन क्रम वाढवत नाही, पण गूगलने ते दाखवलं तर लोक ते वाचूनच आत येतात, म्हणून तेही मन लावून लिहा.

कोणत्या शब्दामागे लागायचं नाही, हेही ठरवावं लागतं. नुसतं ‘हळद’ शोधणाऱ्याला लग्नातली हळद हवी असेल, नाहीतर हळदीच्या दुधाचे फायदे. ‘आजचा हळद भाव’ शोधणारा बहुधा शेतकरी किंवा व्यापारी असतो. तो भाव बघून निघून जाणार, अर्धा किलो पावडर मागवणार नाही. ‘जीआय मानांकित’ (जीआय म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) हा शब्द ओढ लावणारा आहे, सांगलीच्या हळदीला ते मानांकन २०१८ मध्ये मिळालंय. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तरच तो वापरा.

एक गोष्ट आजच तपासा. आपल्याकडे मजकूर बऱ्याचदा डीटीपीवाल्याकडून येतो, तोही जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. तसला मजकूर पानावर चिकटवला तर डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत नुसती निरर्थक रोमन अक्षरं असतात, आणि गूगल वाचतं ती आतली अक्षरं. दुसरे लोक अख्खं पत्रकच फोटो म्हणून टाकतात. त्यातल्या मजकुरावर शोधाच्या दृष्टीने भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या पानावरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर ठीक. गिचमिड आली किंवा वाक्य निवडताच आलं नाही, तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या. हे झाल्याशिवाय बाकी कशालाच अर्थ नाही.

मग साइटला गूगल सर्च कन्सोल हे गूगलचंच साधन जोडा. ते फुकट आहे. कोणत्या शब्दांवर तुमचं पान दिसलं, कितीजणांनी दाबलं, सरासरी क्रमांक कितवा, हे त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं कळतं. एखाद्या शब्दावर पान पुष्कळदा दिसतं पण कोणी दाबत नाही, असं आढळलं तर आधी टायटल बदला. लोक ‘हळद’ देवनागरीत लिहितात की इंग्रजी अक्षरांत, तेही तिथेच समजेल. दुकानाला येणारी गिऱ्हाइकं हवी असतील तर गूगल बिझनेस प्रोफाइलही (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती) भरा. हे सगळं केल्यावर काही महिने धीर धरावा लागतो.

प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय की आजोबांची सांगलीजवळच्या हरिपूरला पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, होती. अहो, पहिलं पान त्याचंच करा! हळद जमिनीखाली का ठेवायची, तिला कीड का लागत नसे, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरत नसत, २००५ च्या महापुरात तुमच्या पेवांचं काय झालं, हे आजोबांना विचारून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. जुना फोटो असेल तर तोही लावा, आणि त्याच्या ऑल्ट मजकुरात (फोटोसाठी कोडमध्ये लिहायचं वर्णन) साधं लिहा, ‘हरिपूर येथील हळदीचं पेव’.