सोसायटीतले 'कारगिल वीर' खरे की खोटे, हे कसं ओळखायचं? आणि ओळखून काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीत दर 15 ऑगस्टला एका काकांना 'कारगिल वीर' म्हणून झेंडावंदनाला बोलावतात. ते पदकं लावून येतात, भाषण करतात, पण दर वर्षी त्यांची गोष्ट थोडी बदलते. ते खोटं बोलत असतील तर का बोलत असतील, आणि तुम्ही काय करावं?

आधी माझ्याबद्दल. मी फौजी नाही. वडील होते, एएससीत म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. आता हेही तुम्हाला तपासता येणार नाही, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं तपासता येतं.

पदकांपासून सुरुवात करू, कारण खरा घोळ तिथेच होतो. माजी सैनिकाच्या छातीवर रांगेने पदकं दिसली की आपण हात जोडतो, पण त्या रांगेत शौर्यपदक फार क्वचित असतं. नऊ, वीस, तीस वर्षं सेवा झाली की दीर्घ सेवेची पदकं मिळतात. स्वातंत्र्याला 25 आणि 50 वर्षं झाली तेव्हाही, त्या वेळी नोकरीत असलेल्यांना पदकं मिळाली. अवघड भागात ठरावीक काळ काढला की सैन्य सेवा मेडल असतं. म्हणजे एखादा माणूस नाकासमोर चालून, वेळच्या वेळी हजेरी देऊन निवृत्त झाला तरी त्याची छाती चांगली भरलेली दिसते. आमच्या घरच्या डब्यातली सगळी पदकं याच जातीची आहेत, आणि लग्नकार्यात पाहुणे ती बघून हमखास विचारतात, 'कुठल्या लढाईचं?'

कारगिलचीही दोन पदकं आहेत. ऑपरेशन विजय स्टार हा प्रत्यक्ष त्या युद्धक्षेत्रात असलेल्यांना मिळाला. ऑपरेशन विजय मेडल मात्र त्या मोहिमेच्या काळात इतरत्र तैनात असलेल्या कितीतरी जास्त लोकांना मिळालं. तुमच्या काकांकडे हे दुसरं पदक असेल तर ते शंभर टक्के खरे फौजी आहेत, पदकही खरं आहे, आणि तरीही टोलोलिंग किंवा टायगर हिल ही कारगिलच्या लढाईतली शिखरं त्यांनी टीव्हीवरच पाहिलेली असू शकतात. मग त्यांना 'वीर' कुणी केलं? माझी शंका फ्लेक्स छापणाऱ्या कमिटीवर आहे. एकदा फ्लेक्सवर आलं की माणसाला माईकवर त्याला साजेसं काहीतरी बोलावं लागतं. गोष्ट दर वर्षी बदलते ती बहुधा त्यामुळेच.

शौर्यपदकांचं तसं नसतं. परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र ही एरवीची. सेना मेडल वेगळं. ही पदकं कुणाला मिळाली ते भारताच्या राजपत्रात छापलं जातं, आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येतं. परमवीर चक्र आजवर 21 जणांना मिळालं, त्यातले 14 मरणोत्तर. आज हयात तिघे: बाणा सिंग, योगेंद्र सिंग यादव आणि संजय कुमार. चौथा कुणी भेटला तर चहा पाजा आणि विषय बदला.

नावावरून शोधताना मात्र जपून. योगेंद्र सिंग यादवांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं. ते तेव्हा इस्पितळात उपचार घेत होते. टायगर हिलवर शहीद झालेला त्यांच्याच पलटणीतला जवान त्याच नावाचा होता. खुद्द सरकारचा जिथे असा गोंधळ झाला, तिथे तुम्ही मोबाईलवर दोन मिनिटं शोधून कुणाला खोटं ठरवू नका.

आता 'का' याकडे येतो. या विषयावर सगळ्यात जास्त वाद अमेरिकेत झाला, आणि तिथली प्रकरणं वाचण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियात पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेले झेवियर अल्वारेझ 2007 मधल्या एका बैठकीत उभे राहिले आणि स्वतःची ओळख करून देताना म्हणाले की मी 25 वर्षं मरीन म्हणजे तिथल्या सागरी फौजेत होतो, 1987 मध्ये मला मेडल ऑफ ऑनर मिळालं. मेडल ऑफ ऑनर म्हणजे तिथलं परमवीर चक्र. गृहस्थ एक दिवसही फौजेत नव्हते. आपण आइस हॉकीच्या नामांकित संघातून खेळलो आणि एका मेक्सिकन नटीशी लग्न केलं होतं, असंही ते सांगायचे! 2005 च्या कायद्याने पदकाबद्दल खोटं बोलणं हाच तिथे गुन्हा होता. त्यांना 5,000 डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2012 मध्ये न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: हे बोलणं निंद्य आहे, पण नुसतं खोटं बोलला म्हणून सरकारने माणसाला तुरुंगात घालू नये. पदकं मिळवणाऱ्यांची यादी सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा, खोटं आपोआप उघडं पडेल. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. त्यात पैसा, मालमत्ता किंवा तसाच ठोस फायदा उकळण्यासाठी पदकाची थाप मारली तरच गुन्हा. मला हा निकाल पटतो. आपल्याकडे तो अनेकांना पटणार नाही, हेही माहीत आहे.

अल्वारेझसारखे निव्वळ थापाडे फार विचार करण्यालायक नाहीत. त्यांना हॉकीही चालते, पदकही चालतं. विचार करायला लावतात ते दुसरे. जोसेफ एलिस हे इतिहासाचे प्राध्यापक, 2001 मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. वर्गात ते व्हिएतनाम युद्ध शिकवायचे आणि आपण तिथे पॅराशूट दलात होतो असं सांगायचे. त्याच वर्षी एका वर्तमानपत्राने छडा लावला: ते व्हिएतनामला गेलेच नव्हते. पण ते सैन्यात खरोखर होते! सैन्यातला आपला काळ त्यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इतिहास शिकवण्यात घालवला होता. कॉलेजने त्यांना वर्षभर बिनपगारी घरी बसवलं. टोरांटोच्या बेसबॉल संघाचे मॅनेजर टिम जॉन्सन यांचंही तेच. खेळाडूंमध्ये जोश भरायला ते व्हिएतनामच्या लढाईतले स्वतःचे अनुभव सांगायचे. प्रत्यक्षात ते मरीनच्या राखीव दलात होते आणि अमेरिकेतच राहून पोरांना उखळी तोफा चालवायला शिकवायचे. 1999 मध्ये नोकरी गेली.

दोघांकडे सांगण्यासारखं खरं काहीतरी होतं. वेस्ट पॉइंटला शिकवणं म्हणजे काही कमीपणा नाही. तरीही त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते पुरत नाही.

आपल्याकडे सुट्टीवर आलेल्या जवानाला विचारला जाणारा पहिला प्रश्न आठवा. 'बॉर्डरवर आहेस का?' दुसरा, 'गोळ्या झाडल्यास का?' आणि थोडी ओळख झाली की तिसरा, 'किती मारले?' फौजेत कुक असतात, न्हावी असतात, धोबी असतात, क्लार्क असतात, गाड्या दुरुस्त करणारे असतात, खेचरं सांभाळणारे असतात. या सगळ्यांची रीतसर भरती होते, ट्रेनिंग होतं, कसम परेड होते, आणि युद्धात त्यांच्यावरही तोफगोळे पडतात. पण 'मी लंगरमध्ये होतो' असं सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा जसा पडतो, तो एकदा पाहिला की पुढच्या वेळी माणूस 'एलओसीला होतो' एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. उरलेली गोष्ट ऐकणारे स्वतःच पुरी करतात. आमच्या वडिलांना कुणी विचारलं तर ते 'गाडी चालवली' म्हणायचे. पाहुण्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला सांगायचं नाही, गुपित असणार. रॅशन आणि रॉकेल वर पोचवलं, ते कोणाला ऐकायचं होतं?

जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारे पहिले रामा राघोबा राणे. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांसाठी त्यांनी गोळीबारात सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडं उडवली, वाट करून दिली. 'किती मारले' या मापात ते बसतच नाहीत.

खोटा फौजी ओळखण्याची युक्तीही इथूनच निघते. लढाईबद्दल विचारू नका. लढाई त्याने पाठ केलेली असते. कंटाळवाणं काहीतरी विचारा. भरती कुठे झाली, ट्रेनिंगचं सेंटर कुठलं, ट्रेड म्हणजे फौजेतलं काम काय, डिस्चार्जच्या वेळी रँक काय होती, पेन्शन कुठल्या बँकेतून येते. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस बेळगाव म्हणेल, महार रेजिमेंटचा मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्सचा खडकी. खरा फौजी ट्रेनिंगच्या उस्तादाला अजून शिव्या देत असतो आणि आपला आर्मी नंबर झोपेतही सांगतो (तुम्ही तो मागून ग्रुपवर टाकू नका, त्याचा गैरवापर होतो). तोतया बहुतेक वेळा कमांडो असतो, मोहीम गुप्त असते, कागदपत्रं 'क्लासिफाइड' असतात. क्लार्क असल्याची थाप मारणारा तोतया मी अजून ऐकलेला नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. घरोघरी फौजी. तिथे अशी थाप एक संध्याकाळही टिकायची नाही, पारावरचा कुणीतरी लगेच 'कुठल्या बटालियनला?' म्हणून विचारणार. थापा टिकतात त्या शहरातल्या सोसायट्यांत, जिथे फौजेबद्दल आदर सगळ्यांना असतो आणि माहिती कुणालाच नसते.

पण महाराष्ट्रात या खोट्याचा खरा त्रास झेंडावंदनाच्या भाषणाने होत नाही. तो होतो भरतीच्या दलालांमुळे. पोरगं पहाटे उठून 1,600 मीटरची तयारी करत असतं. अशा वेळी अकादमीच्या आसपास एक 'मेजर साहेब' उगवतात, गणवेशातला फोटो, मोबाईलवर कुणा 'कर्नल'चा आवाज. मेडिकलमध्ये सेटिंग करून देतो म्हणतात. बाप जमीन गहाण टाकून लाखांत पैसे देतो. पोरगं बनावट जॉइनिंग लेटर घेऊन सेंटरच्या गेटवर जातं तेव्हा कळतं. भरतीसाठी कुणालाही लाच किंवा दलाली द्यावी लागत नाही, हे लष्कर दर मेळाव्यात ओरडून सांगतं. दुसरा प्रकार ऑनलाइन: 'मी आर्मीत आहे, बदली झाली, स्कूटर स्वस्तात द्यायचीय', सोबत कँटीन कार्डाचा फोटो. तो फोटो बहुतेकदा कुणा खऱ्या जवानाकडून लाटलेला असतो. शिवाय लग्नाच्या साइटवरचे कॅप्टन. पुणे, नगर, नाशिक या लष्करी गावांतून असे तोतये पकडल्याच्या बातम्या नेमाने येतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 प्रमाणे, फौजी नसताना लोकांनी आपल्याला फौजी समजावं या हेतूने तसा गणवेश किंवा चिन्ह वापरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात हेतू महत्त्वाचा, म्हणून नाटकातला शिपाई गुन्हेगार ठरत नाही. मानद पदाचं तर वेगळंच. सचिन तेंडुलकरला हवाई दलाने 2010 मध्ये मानद ग्रुप कॅप्टन केलं, तो गणवेश त्याच्या हक्काचा आहे. दलालावर मात्र फसवणुकीचं कलम लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तुमच्या काकांबद्दल माझा सल्ला असा की ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. अमेरिकेच्या नौदलाचे प्रमुख ॲडमिरल बुर्डा साध्या खलाशापासून चढत त्या पदावर पोचले होते. व्हिएतनाममधल्या त्यांच्या पदकांच्या फितींवर लावलेल्या दोन छोट्या चिन्हांचा त्यांना अधिकार होता का, हे विचारायला पत्रकार येणार होते. 16 मे 1996 ला, ते यायच्या आधी, त्यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. सबंध नोकरी खरी, वाद दोन चिन्हांचा.

त्यापेक्षा सेक्रेटरींना सांगा की यंदा फ्लेक्सवर 'कारगिल वीर'ऐवजी 'माजी सैनिक' असं लिहून पुढे रँक, कोअर आणि सेवेची वर्षं छापू. ती माहिती काकांकडून घ्या, छपाईत चूक नको म्हणून डिस्चार्ज बुक किंवा माजी सैनिकाचं ओळखपत्र बघायला मागा. खरा माणूस आनंदाने काढून दाखवेल, कदाचित पाणी पाजून तासभर बसवूनही ठेवेल, त्याची तयारी ठेवून जा. त्यांनी टाळाटाळ केली तर पुढच्या वर्षी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहून पाहुणा सुचवायला सांगा आणि काकांना समोर खुर्ची द्या. पण त्या नावावर त्यांनी कुणाकडून भरतीसाठी, जागेसाठी किंवा वर्गणी म्हणून पैसे घेतले आहेत असं कळलं, तर मग वयाचा विचार करू नका. ज्याचे पैसे गेले त्याला व्यवहाराचे पुरावे घेऊन पोलीस ठाण्यात पाठवा, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याने त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.