पॉमच्या पोटाचं रडगाणं

तुझ्या छोट्या कुत्र्याचं पोट सारखं बिघडतं म्हणतोस, अरे घाबरू नको, छोट्या कुत्र्यांचं पोट नाजूकच असतं, आमची पॉम, म्हणजे पॉमेरेनियन कुत्री, पण दोन वर्षं अशीच दर पंधरा दिवसाला जुलाब करायची. आधी घरातल्यांचे हात बांध बे! आमच्याकडे आजी गुपचूप कडक भाकरीला शेंगाचटणी लावून द्यायची, आता त्यात लसूण, आणि लसूण-कांदा कुत्र्याला विषच, शिजवलेला असला तरी.

पोट बिघडलं की बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं, मीठ-हळद-तेल काही नाही, वरची चरबी काढून टाकायची आणि एक वाटी चिकनला दोन वाटी मऊ भात, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, दोन-तीन दिवस. चमचाभर उकडलेला लाल भोपळा पण चालतो. दूध बंद, बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही. मटणाची चरबी तर अजिबात नको, त्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पिल्लू असेल तर उपाशी ठेवू नको हां, रक्तातली साखर पटकन उतरते.

नंतर नेहमीचं खाणं हळूहळू, सात ते दहा दिवसांत मिसळत आण. मी कॅलेंडरवर रोज काय खाल्लं आणि शी कशी झाली ते लिहायचो, बायको हसायची, पण त्यातूनच कळलं की बिस्कीट दिलं की दुसऱ्या दिवशी गडबड.

सारखंच होत असेल तर शी तपासून घे, जंत असू शकतात. रक्त दिसलं, उलट्या थांबेनात किंवा मलूल पडला तर भात शिजवत बसू नको, लगेच डॉक्टर, त्यात आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी लई लवकर कमी होतं.