विंडोज ११ आलं म्हणून चालता लॅपटॉप टाकायचा का? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत हाच विषय जास्त आहे, त्यामुळे या वेळी मोबाइल आणि प्रिंटरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि सगळी जागा विंडोजला दिली आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७ चा आहे, आय५-७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मागे एसएसडी पण टाकून घेतली, एकदम छान चालतो. पण आता मेसेज येतो की या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, जुना हॅक होईल. मी रिटायर्ड माणूस, बँकेचं काम, मेल आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच करतो. खरंच बदलायला हवा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, अजिबात नको. निदान आत्ता तरी नको. तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नाहीये, आणि कागदावर बघितलं तर विंडोज ११ ला लागतं काय, १ गिगाहर्ट्झचा ६४ बिट ड्युअल कोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, डायरेक्टएक्स १२ चालणारं ग्राफिक्स, यूईएफआय (मशीन चालू करणारी नव्या पद्धतीची व्यवस्था) आणि सिक्युअर बूट (चालू होताना भलतं सॉफ्टवेअर घुसू न देणारी सोय), आणि टीपीएम २.० (पासवर्ड-किल्ल्या वेगळ्या जपणारी जागा). यातलं बहुतेक सगळं तुमच्याकडे आहे. अडतंय ते प्रोसेसरच्या यादीवर. मायक्रोसॉफ्टने इंटेलची साधारण ८ वी जनरेशन आणि एएमडीची रायझन २००० सिरीज इथे रेघ मारली, त्याच्या आधीचे प्रोसेसर थोडे अपवाद सोडले तर बाहेर. तुमच्या मॉडेल नंबरातला पहिला आकडा ७ आहे, म्हणजे ७ वी जनरेशन, म्हणजे एका पिढीने हुकलात.

कंपनीने याची कारणं दिली होती, सिक्युरिटी हे मुख्य, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये असंही सांगितलं की टेस्टिंगमध्ये अटी पूर्ण न करणाऱ्या मशीन्सवर कर्नल क्रॅश (सिस्टिमचा गाभाच कोलमडणं) ५२ टक्के जास्त झाले. सिक्युरिटीचा मुद्दा खोटा नाहीये. मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक संरक्षण आहे ज्यात सिस्टिमचा गाभा वेगळा कोंडून ठेवला जातो, ते वेगात चालायला प्रोसेसरमध्येच एक सोय लागते, नाहीतर मशीन मंदावतं. पण गंमत बघा, ती सोय इंटेलच्या ७ व्या जनरेशनमध्ये आहे तरी ती जनरेशन यादीबाहेर, आणि रायझन २००० मध्ये नाहीये तरी ती सिरीज यादीत! त्यात कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये असलेला ७ व्या जनरेशनचा एक प्रोसेसर नंतर यादीत घेतला गेला. म्हणून मला मनापासून वाटतं की ही रेघ निव्वळ तांत्रिक नाही, कुठेतरी मारायची म्हणून मारलेली आहे, आणि त्यापायी जगभरात चालती मशीन्स भंगारात जाणं हे चूक आहे. अमेरिकेतल्या ग्राहक संघटनांनी सुद्धा कंपनीकडे हेच मांडलं होतं.

आता तुम्ही करायचं काय ते सांगतो. विंडोज १० ला सिक्युरिटीचे अपडेट वाढवून घेता येतात, घरगुती युजरसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल करायची लिंक येते, त्यासाठी मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप अकाउंटला जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर आणि वर टॅक्स असा पर्याय आहे, आणि एका अकाउंटवर १० मशीन्सपर्यंत चालतं त्यामुळे घरातला दुसरा जुना पीसी पण त्यातच बसवा. नवीन फीचर काही मिळणार नाही, फक्त भोकं बुजवली जातील, आणि तुम्हाला तेवढंच हवंय. एज ब्राउझर आणि डिफेंडर अँटिव्हायरसच्या व्हायरस-याद्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहतील असं कंपनीने जाहीर केलंय, पण खालची सिस्टिमच उघडी राहिली तर नुसत्या ब्राउझरवर भिस्त ठेवून बँकेचं काम करू नका.

ती मुदत संपल्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. तुमचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे मी हे अगदी विश्वासाने सांगतोय. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरी म्हणतात, तुमच्याकडे ८ आहे. पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी नुसतं बघता येतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही, वायफाय लागतंय का, कॅमेरा दिसतोय का, प्रिंटर छापतोय का हे तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. फोटो आणि कागदपत्रं मात्र आधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. (रुफससारखं टूल वापरून विंडोज ११ जबरदस्तीने टाकता येतं आणि बरेच दुकानदार टाकून देतात, पण अशा मशीनला अपडेटची हमी कंपनी देत नाही, म्हणून बँकेच्या कामाच्या लॅपटॉपवर मी ते सुचवणार नाही.)

प्रश्न : माझा असेंबल केलेला पीसी आहे, रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम. हेल्थ चेक ॲप म्हणतंय टीपीएम सापडत नाही. नवीन मदरबोर्ड घ्यावा लागेल का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे, पैसे वाचव. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या वेगळ्या जपणारी जागा, ती आता प्रोसेसरमध्येच येते, एएमडीमध्ये एफटीपीएम आणि इंटेलमध्ये पीटीटी या नावाने. असेंबल मदरबोर्डवर ती बऱ्याचदा बंद असते एवढंच. बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जा, सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्डमध्ये एफटीपीएम शोध, चालू कर, सेव्ह कर. त्याआधी एक बघ, ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एनक्रिप्शन) लावलेला असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, हाताशी ठेव. आणि पूर्वी कोणी विंडोज लेगसी म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या जुन्या मोडमध्ये टाकलेली असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असणार, ती आधी जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते, विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, डेटा न पुसता होतं पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नको.

प्रश्न : मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतोय. दुकानात सांगतात की यात होम सिंगल लँग्वेज आहे, थोडे जास्त दिले तर प्रो टाकून देतो. ऑनलाइन तर पाचशे रुपयात प्रोची की मिळते म्हणे. काय घ्यावं? आणि सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टाइप होणार नाही का?
– एक पालक, पुणे

उत्तर : होम पुरे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती लॅपटॉपवर हीच सिंगल लँग्वेज एडिशन येते, तिचा अर्थ इतकाच की मेन्यू आणि सेटिंग्ज एकाच भाषेत दिसणार. टायपिंगला काहीही बंधन नाही, मराठी, हिंदी, जपानी जे हवं ते टाइप करा.

प्रोमध्ये वेगळं काय मिळतं तर बिटलॉकरचा पूर्ण कंट्रोल, बाहेरून आपल्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपने येण्याची सोय, हायपर-व्ही म्हणजे एका मशीनमध्ये दुसरं मशीन चालवणं, ग्रुप पॉलिसी म्हणजे मशीनचे नियम एका जागेवरून ठरवणं, आणि ऑफिसच्या डोमेनला म्हणजे नेटवर्कला जोडणं. होम १२८ जीबीपर्यंत रॅम ओळखतं आणि प्रो २ टीबीपर्यंत, जो फरक घरात कोणालाच लागत नाही. एंटरप्राइज आणि एज्युकेशन या एडिशन संस्थांना मिळतात, दुकानात विचारू नका. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असेल आणि तिला हायपर-व्ही लागलंच तर नंतर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून होमचं प्रो करता येतं, अमेरिकेत त्याचे ९९ डॉलर पडतात, म्हणजे हा निर्णय आज घ्यायची गरजच नाही. पाचशेवाल्या कीजपासून लांब रहा, त्या बऱ्याचदा कुठल्या तरी कंपनीच्या किंवा संस्थेच्या लायसनमधल्या असतात आणि कधीही ब्लॉक होऊ शकतात.

पॅकिंगवर एस मोड लिहिलेलं असेल तर घाबरू नका, त्यात फक्त स्टोअरमधली ॲप्स चालतात, फुकटात त्यातून बाहेर पडता येतं, फक्त परत आत जाता येत नाही.

आणि एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते, होम असलं तरी. चोरी झाली तर डेटा सुरक्षित, ही चांगलीच गोष्ट आहे, पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं तर लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती असते त्या अकाउंटमध्ये. अकाउंट दुकानातल्या पोराने स्वतःच्या मेलवर उघडलं असेल तर प्रोजेक्ट, फोटो सगळं गेलं समजा. म्हणून अकाउंट मुलीच्याच नावाने, तिच्याच मेलवर, आणि की कागदावर लिहून कपाटात. हे पहिल्याच दिवशी करा.

प्रश्न : २००७ साली मी कॉलेजात होतो, तेव्हा विंडोज व्हिस्टाला सगळे शिव्या घालायचे. आता ११ ला घालतात. व्हिस्टा खरंच तेवढं वाईट होतं का? आणि बॉक्सवर ४ जीबी रॅम पुरते लिहितात ते खरं मानायचं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत हे फार बरं केलंत, कारण व्हिस्टाचं जे झालं ते बरंचसं या "पुरते"मुळेच झालं. ३० जानेवारी २००७ ला व्हिस्टा लोकांसाठी आलं, आणि एडिशन किती, स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, एंटरप्राइज, अल्टिमेट. अल्टिमेटचा डबा अमेरिकेत ३९९ डॉलरला. ज्या काचेसारख्या खिडक्यांची जाहिरात झाली ते एअरो होम बेसिकमध्ये नव्हतंच, म्हणजे व्हिस्टा विकत घेऊनही माणसाला जाहिरातीतलं व्हिस्टा दिसत नव्हतं.

त्याच्या आधी, २००६ मध्ये, दुकानातल्या पीसींवर 'व्हिस्टा कॅपेबल' असे स्टिकर लागले. त्यासाठी ५१२ एमबी रॅम आणि ८०० मेगाहर्ट्झ प्रोसेसर पुरायचा. एअरो नीट चालायला मात्र १ जीबी रॅम आणि १२८ एमबी ग्राफिक्स लागायचं, त्याचा स्टिकर वेगळा होता, आणि हा फरक साध्या ग्राहकाला कळणार कसा? अमेरिकेत कोर्टकेस झाली, त्यात कंपनीचे आतले मेल बाहेर आले, आणि इंटेलच्या ९१५ चिपसेटला (मदरबोर्डवरच्या कमी ताकदीच्या ग्राफिक्सला) स्टिकर मिळावा म्हणून अट सैल केली गेली हे लोकांना कळलं. मायक्रोसॉफ्टचेच एक व्हाइस प्रेसिडेंट माइक नॅश यांनी लिहिलं होतं की माझं २१०० डॉलरचं मशीन आता फक्त ईमेलपुरतं उरलंय. पुढे २००९ मध्ये त्या केसचा सगळ्या ग्राहकांच्या वतीने लढण्याचा दर्जा कोर्टाने काढून घेतला, पण तोवर नाव गेलं ते गेलं. वर ड्रायव्हर तयार नव्हते, प्रिंटर-स्कॅनर बंद पडायचे, आणि प्रत्येक गोष्टीला परवानगी विचारणारी ती खिडकी. एप्रिल २००७ मध्ये डेलने ग्राहकांच्या मागणीवरून घरगुती मॉडेल्सवर आधीचं विंडोज एक्सपी परत द्यायला सुरुवात केली, यावरून लोकांचा राग किती होता ते समजा.

पण व्हिस्टा पायापासून वाईट नव्हतं, हे मी ठामपणे म्हणेन. २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आलं ते त्याच पायावर, हार्डवेअरच्या अटी जवळपास त्याच, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मधल्या काळात रॅम स्वस्त झाली, ड्रायव्हर तयार झाले, कंपनीने वेग सुधारला. मशीन आणि सिस्टिम यांची जोडी जुळली की तेच सॉफ्टवेअर चांगलं वाटतं.

११ वरचा राग वेगळ्या जातीचा आहे. टास्कबार मधोमध आला, आणि तो वर किंवा बाजूला नेता येईना, फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची सोय गेली ती २०२२ मध्ये परत आली, राइट क्लिकवर अर्धा मेन्यू लपला, सेटअपला इंटरनेट आणि अकाउंट सक्तीचं झालं. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेलं हे विंडोज स्टॅटकाउंटर या वापराची मोजणी करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांत १० च्या पुढे गेलं ते जुलै २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी.

४ जीबीबद्दल, नाही, मानू नका. चालू होईल, पण ब्राउझरचे चार टॅब आणि एक मीटिंग उघडली की रॅम संपते आणि मशीन डिस्कवर घासत बसतं. ८ जीबी आणि एसएसडी याच्या खाली नवीन काहीही घेऊ नका, आणि जमत असेल तर १६.

प्रश्न : विंडोज ११ स्क्रीनचे फोटो काढून ठेवतं असं ऐकलं. माझ्या दवाखान्यात पेशंटची माहिती असते, काय करू?
– एक डॉक्टर, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टर, ते फीचर म्हणजे रिकॉल, आणि ते फक्त कोपायलट प्लस पीसीवर येतं, ज्यात एआयचं काम करणारी एनपीयू नावाची चिप (वेग कमीत कमी ४० टॉप्स) आणि कमीत कमी १६ जीबी रॅम असते. साध्या लॅपटॉपवर ते नाहीच. मे २०२४ मध्ये जाहीर झालं तेव्हा सिक्युरिटीवाल्यांनी दाखवून दिलं की साठवलेला मजकूर सहज वाचता येतोय, आरडाओरडा झाला, कंपनीने थांबवलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आणलं तेव्हा एनक्रिप्शन, चेहरा किंवा बोटाची ओळख, आणि स्वतः चालू केलं तरच चालू अशी रचना केली. तुमच्या दवाखान्यात ते बंदच ठेवा, सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन एकदा डोळ्यांनी बघा, आणि रिसेप्शनवरच्या मशीनचं पण बघा.

प्रश्न : विंडोज ११ वर मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं का? शाळेचे सगळे जुने पेपर जुन्या फाँटमध्ये आहेत.
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, वेगळं काही लागत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी ॲड करा, इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांच्या ठरलेल्या जागांचा) आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणारा) दोन्ही कीबोर्ड मिळतात, फोनेटिक २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. विंडोज की आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. जुने पेपर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसतील तर तो फाँट नव्या मशीनवर टाकेपर्यंत ते अगम्य अक्षरांत दिसतील, म्हणून जुना पीसी काढायच्या आधी त्यातली फाँटची फाइल कॉपी करून घ्या आणि पेपरांची एक पीडीएफ पण काढून ठेवा.