आधी नावं लिही, मग डिझेल मोज

पोरा,

‘नाना, मी नक्की कुणाच्या बाजूचा, कामगारांच्या का कंपनीच्या,’ असं विचारलंस. हा प्रश्न सोड बघू आधी. यात चांगली चांगली पोरं अडकून बसतात आणि तेवढ्यात दुसरेच येऊन काम उरकून जातात. बंदरातल्या डिझेलच्या क्रेन विजेवर न्यायच्यात, ट्रेनिंगला कोण बसणार त्यांची यादी काढ असं साहेब म्हणाले, तू पगारपत्रकावरची नावं उतरवून दिलीस, आणि कोरेगावकडचा तो मेकॅनिक कॅन्टीनमधी गाठून म्हणाला की मी तर ठेकेदाराचा, माझं नाव कुठाय. तिथं तुझी झोप उडाली. उडू दे. पण नुसता कूस बदलत पडू नकोस, उठून त्याचं नाव लिही. आधी नावं लिहायची, बाकीचं मग.

डिझेल गेलंच पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही. त्याच्या धुरानं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ सालीच सांगितलंय, आणि तो धूर आधी जातो यार्डात रांगेत उभ्या असलेल्याच्या छातीत, एसी केबिनमधल्या साहेबाच्या नाही. त्यामुळं ‘पर्यावरण का पोट’ असलं भाषण कुणी ठोकायला लागला तर तिथनं उठून ये.

आता नीट बघ कुणाचं काय होतंय. आरटीजी क्रेन, म्हणजे यार्डात कंटेनर रचणारी रबरी चाकांवरची, डिझेलवरून केबलवर नाहीतर बसबारवर (वीज देणाऱ्या धातूच्या पट्टीवर) गेली की वर बसलेल्या ऑपरेटरचं काम जवळपास तेच राहतं, तीच जॉयस्टिक, कंटेनर पकडणारा तोच स्प्रेडर. काम जातं इंजिन उघडणाऱ्याचं, ऑइल-फिल्टर बदलणाऱ्याचं, डिझेलचा टँकर यार्डात फिरवणाऱ्याचं आणि त्याच्या हेल्परचं. ऑपरेटरवर गदा येते पुढच्या टप्प्याला, क्रेन रिमोटवर टाकून एका खोलीतून चालवायला घेतल्यावर. वीज वेगळी, रिमोट वेगळा, पण दोन्ही एकाच फायलीत घालून पुढं सरकवतात, तू वेगळं काढ आणि दोन्हीची नावं वेगळी लिही. ट्रकचंही तेच. बॅटरीवरचा ट्रक आला तरी ड्रायव्हर राहतो, पण पैसे खेपेवर असतील तर चार्जिंगला थांबलेला वेळ कुणाच्या खिशातून जाणार हे विचारलंस का कुणाला? आणि जहाज धक्क्याला लागल्यावर त्याचे जनरेटर बंद करून किनाऱ्यावरची वीज देतात ती ६.६ नाहीतर ११ हजार व्होल्टची असते. सगळी हयात इंजिनात घालवलेल्या माणसाला दोन दिवस स्लाइड दाखवून तिथं उभा केलास तर त्याचा जीव जाईल, स्पष्ट सांगतो. तू इलेक्ट्रिकलचा आहेस, तुला हे मी सांगायला नको होतं.

नावाचं काय एवढं घेऊन बसलात म्हणशील. अरे, गोदी कामगाराला जे मिळालं ते नोंदवहीतूनच मिळालं. पूर्वी सकाळी टोळीवाला बोट दाखवील तो कामावर, बाकीचे घरी. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, पुढं मुंबईत डॉक लेबर बोर्ड झालं, नोंदणी झाली, मग कुठं माणसाला हक्कानं काही मागता आलं. माथाड्यांचं बघ. आपल्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील, त्यांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा झाला आणि त्याचाही गाभा बोर्डाकडची नोंदच, मालक बदलला तरी वहीतलं नाव राहतं. बाहेर देशातही हेच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६० साली गोदी युनियननं यांत्रिकीकरणाचा करार केला, मशीनला आडवं गेले नाहीत, बदल्यात नोकरीची हमी आणि लवकर निवृत्तीचे पैसे घेतले. फार मोठं काम. पण ती हमी पूर्ण नोंदणी असलेल्यांना होती, अर्धवट नोंदणीवर राबणारे गडी तिच्या बाहेरच राहिले.

आणि आपल्याकडं ऊसतोडीला हार्वेस्टर आलं तेव्हा काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंयस. कारखान्याच्या कागदावर सभासदाचं नाव, वाहनमालकाचं नाव, मुकादमाचं नाव, आणि कोयता चालवणाऱ्या बाईचं?

केंद्राच्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचना मे २०२३ मधी आल्या, त्यात बंदरातल्या मालाच्या टनामागचा कार्बन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं लक्ष्य आहे. चांगलंय. त्यासाठी यार्डातलं लिटर लिटर डिझेल मोजलं जाणार, युनिट युनिट वीज मोजली जाणार. मग ते डिझेल ओतणारा हात मोजायला कुणाला काय अडचण आहे? नवीन औद्योगिक संबंध संहितेत, नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे ती, कपात झालेल्या कामगारासाठी रिस्किलिंग फंड, म्हणजे नवीन काम शिकायचा निधी आहे, मालकानं त्यात माणशी शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे भरायचे. पंधरा दिवसांच्या पैशात कोण नवीन धंदा शिकतो ते सोड, ठेक्याची मुदत संपली म्हणून गेटवरनं परत गेलेला माणूस कपातीत दाखवणार कसा? त्याचं नावच नाही कुठं. म्हणून म्हणतो, आधी नावं लिही.

मला अडेलतट्टू म्हणायचे. प्रत्येक मीटिंगला मी एकच विचारायचो, ठेक्यावरच्यांची यादी कुठाय. आपलेच लोक म्हणायचे, नाना, आपल्या मेंबरांचं बघा, दुनियेचं कशाला. त्या भांडणात माझी युनियनच्या कमिटीतली जागा गेली. जाऊ दे गेली तर, मी पुन्हा तसंच भांडीन. मी अडून बसलो म्हणून काही हेल्परांची नावं कागदावर आली आणि त्यांना निदान पीएफ मिळाला, हे कुणी नाकारून दाखवावं. जे राहिले त्यांचं मात्र अजून टोचतं. ठेकेदार बदलला तशी ती माणसं एका सकाळी गेटबाहेर उभी, नवा म्हणतो माझ्याकडं जुनी यादीच नाही. त्यातला एकजण आता शेजारच्या गावात ट्रॅक्टरवर असतो, रहिमतपूरच्या बाजारात दिसला की मला त्याच्याशी काय बोलावं कळत नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. वही घे, एक्सेल नंतर. नाव, गाव, वय, ठेकेदार कोण, किती वर्षं, हात कशावर बसलाय, शाळा कुठवर, कुठला परवाना आहे का, पीएफचा नंबर आहे का. पन्नाशी ओलांडलेल्याला विचार की तुला शिकायचंय का मानानं घरी जायचंय, दोन्ही उत्तरं खरी असतात, त्याच्या वतीनं तू ठरवू नकोस. ट्रेनिंग शिफ्टमधी, भरपगारी. सुट्टीच्या दिवशी फुकट बोलवा म्हणाले तर नाही म्हण, कर्मवीरांच्या साताऱ्यातला तू, कमवा आणि शिका तुला काय समजावून सांगायचं. जुनी क्रेन बंद करायची तारीख ठरायच्या आधी यादी साहेबाच्या टेबलावर आणि तिची एक प्रत युनियनकडं, पोच घेऊन. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. साहेब रागावतील, प्रोबेशनवर आहेस म्हणून घाबरशील, मला कळतं सगळं, घरचं कर्जही मला ठाऊक आहे. म्हणून तर नुसती नावं लिही म्हणतोय, घोषणा दे असं म्हणत नाहीये.

आणि यार्ड झाडणाऱ्या, ऑफिसं पुसणाऱ्या बायकांची नावं राहतील बघ. त्या तुझी जनरल शिफ्ट सुरू व्हायच्या आधी येऊन जातात. तू पहाटेच्या बसनं जा, आणि त्यांची पूर्ण नावं लिही, नुसतं ‘मावशी’ नको.

तुझा,
नाना