होस्टिंग बदललं, आता साईट काहींना उघडते, काहींना कनेक्शनची एरर येते. होस्टवाले ४८ तास थांबा म्हणतात. थांबू का?

नको. काय चुकलंय ते कळेपर्यंत तरी अजिबात थांबू नका.

बेळगावात शहापूरला आमचा छापखाना आहे, लग्नपत्रिकांचा. खानापूर, निपाणी, चंदगडपर्यंतची गिऱ्हाइकं साईटवरच मॅटर टाकतात आणि प्रूफ बघून मंजूर करतात. जुन्या होस्टिंगचं रिन्यूअल परवडेना म्हणून मी दुसरीकडं गेलो, तेही तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. फायली नेल्या, डेटाबेस नेला, डीएनएसमधला, म्हणजे साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीतला, ए रेकॉर्ड बदलला. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर साईट झकास उघडली. त्याच संध्याकाळी जुनं खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी निपाणीहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. "ओ मालक, प्रूफ कुठं बघायचं ओ? कनेक्शन खाजगी नाही म्हणतंय की." माझ्यासमोर साईट उघडी होती. दुपारपर्यंत असे सात फोन आले.

आमचा चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याला विचारलं. म्हणाला, "दादा, डीएनएस प्रॉपगेट होतंय, नवा पत्ता सगळीकडं पसरतोय, ४८ तास थांब. आणि तुमच्या तिकडचं नेटवर्कच तसलं." मी ४८ तास थांबलो, त्याच्या सांगण्यावरून आणखी दोन दिवस थांबलो. पोराला मोटारसायकलवर प्रूफं घेऊन निपाणीला पाठवलं. तरी दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. भर सीझनमध्ये. गिऱ्हाइकं गेल्याचं दुःख विसरलो, पण ते "तुमच्या तिकडचं" अजून टोचतंय.

पाचव्या दिवशी बाबा गल्ल्यावर बसून मोबाईलवर साईट बघत होते. उघडली. पान खायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथनं हाक मारली, "अरे, परत गेली बघ." आत आले, उघडली. मी त्यांना तीनदा आत-बाहेर करायला लावलं. फोन तोच, माणूस तोच, गल्ली तीच. फरक एकच, आत वायफाय आणि बाहेर मोबाईल डेटा.

आमच्या वायफायला नुसतं आयपीव्ही४ होतं, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, बाबांच्या मोबाईल डेटाला आयपीव्ही६, म्हणजे नवी. डीएनएसच्या पानावर खाली सरकलो, तर ए रेकॉर्डच्या खाली चार ए-वाला, म्हणजे आयपीव्ही६चा पत्ता सांगणारा एएएए रेकॉर्ड, जुन्या सर्व्हरचा पत्ता धरून बसलेला. कधीकाळी मीच भरला होता. आयपीव्ही६-वाले सगळे त्या पत्त्यावर जात होते. तिथला सर्व्हर उत्तर देत होता, पण आमच्या नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे साईट आमचीच असल्याचा दाखला, त्याच्याकडं उरलं नव्हतं, म्हणून ती एरर. ओळ पुसली. टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, १४४०० सेकंद होता, म्हणजे ४ तास. संध्याकाळी निपाणीची मंजुरी आली.

चार दिवस काय, चार वर्षं थांबलो असतो तरी ती ओळ आपोआप गेली नसती. भाऊ अजून म्हणतो, प्रॉपगेशनच होतं. अरे, डीएनएस कुठं पसरत जात नाही. रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीनं पत्ता विचारून आणणारा सर्व्हर, जुनं उत्तर टीटीएल संपेपर्यंत जवळ ठेवतो, संपलं की नव्यानं विचारतो. १४४०० सेकंदांचे ४८ तास कसे होतात, ते त्यानं कागदावर मांडून दाखवावं. आणि बेळगावच्या नेटवर्कला काही धाड भरली नव्हती.

आता तुमचं. एररचे शब्द नीट वाचा. 'रिफ्यूज्ड' असेल तर बहुतेक वेळा मशीन सापडलंय, पण ८० किंवा ४४३ पोर्टवर, म्हणजे वेबसाईटच्या दारांवर, कुणी ऐकत नाही. 'टाइम्ड आउट' असेल तर बहुतेक वेळा फायरवॉल अडवतंय किंवा त्या पत्त्यावर कुणीच नाही. वर्डप्रेसची डेटाबेसवाली एरर असेल तर त्या सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाईलमधलं डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, होस्ट तपासा. सीपॅनेल, म्हणजे होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल, नावाआधी खात्याचं नाव चिकटवतं, त्यामुळं जुनी नावं नव्या ठिकाणी चालत नाहीत. नंतर कॉम्प्युटरवरच्या एनएसलुकअप कमांडनं ए आणि एएएए दोन्ही विचारा. नुसतं ए बघून समाधान मानू नका.

एक मात्र मान्य करतो. तुम्ही नेमसर्व्हरच, म्हणजे डीएनएसची यादी ठेवणारे सर्व्हरच, बदलले असतील तर ४८ तासांना आधार आहे. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत त्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, बरोबर ४८ तास. तेवढ्यासाठी जुनं होस्टिंग आठवडाभर चालू ठेवा, माझ्यासारखं त्याच संध्याकाळी बंद करू नका. पण नुसता ए रेकॉर्ड बदलला असेल, तर होस्टवाल्यांना सरळ विचारा, ४८ तास कुठल्या रेकॉर्डसाठी आणि टीटीएल किती?

काय उत्तर येतं ते इथं लिहा. सोबत एररचे नेमके शब्द, आणि ती वायफायवर येते की मोबाईल डेटावर, तेही लिहा.