गाडी चालवताना फोनला गप्प कसं बसवायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, मी गाडीत बसलो की फोन सायलेंटला टाकतो, तरी सिग्नलला थांबलो की हात फोनकडे जातोच. बायको म्हणते फोन डिकीत टाका, पण मग रस्ता कोण दाखवणार, आणि घरून काही अर्जंट आलं तर? फोनमध्येच काही सोय आहे का?

वहिनींचा उपाय खरंतर सगळ्यात भारी आहे, पण असो. सायलेंटने फक्त आवाज बंद होतो हो, स्क्रीन उजळायची ती उजळतेच, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून उजेड दिसला की कोणाचा मेसेज असेल हे बघितल्याशिवाय जीव राहत नाही. तुम्हाला हवाय तो ड्रायव्हिंग मोड, म्हणजे गाडी चालवताना कॉल-मेसेजच्या सूचना अडवून ठेवणारी सोय. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये फोकस उघडा, तिथे ड्रायव्हिंग मिळेल (2017 साली आयओएस 11 मध्ये ही सोय पहिल्यांदा आली, 2021 ला ती फोकसमध्ये गेली). सॅमसंगमध्ये मोड्स अँड रुटीन्समध्ये ड्रायव्हिंग आहे. बाकीच्या अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून सरळ सेटिंग्जच्या सर्चमध्ये ड्रायव्हिंग टाइप करून बघा, आणि नाहीच सापडलं तर डू नॉट डिस्टर्ब तरी असतंच.

आता खरी गोम. हा मोड रोज हाताने चालू करायचा म्हणाल तर चार दिवस कराल, पाचव्या दिवशी घाई असेल आणि विसराल, आणि नेमकं घाईतच तर जास्त गरज असते ना. म्हणून गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की मोड आपोआप लागेल असं एकदाच सेट करून टाका. तुम्ही ठरवायचंच नाही, फोनला ठरवू दे.

अर्जंटचं म्हणाल तर घरच्या दोनतीन माणसांना परवानगीच्या यादीत घाला, त्यांचे कॉल येतील. शिवाय रिपीट कॉलची सोय असते, म्हणजे एकच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो आत येतो, आयफोनमध्ये 3 मिनिटांच्या आत आणि अँड्रॉइडमध्ये 15 मिनिटांच्या आत. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा की खरंच काही असेल तर दोनदा लावा. मी स्वतः मोड लावला तेव्हा यादीत आईलाच घालायची विसरले होते, तिने एकदाच फोन केला आणि मग संध्याकाळपर्यंत रुसून बसली.

आणि आयफोनचा ऑटो रिप्लाय नक्की चालू करा. समोरच्याला आपोआप मेसेज जातो की मी गाडी चालवतोय, पोचल्यावर बघतो. माझं आपलं मत असं की आपण फोन बघतो ते निम्म्या वेळा उत्सुकतेपोटी नाहीच, उत्तर दिलं नाही तर समोरचा काय म्हणेल या धास्तीने बघतो, आणि ती धास्ती या एका मेसेजने जाते. फक्त हा रिप्लाय फोनच्या मेसेज अ‍ॅपपुरताच आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणाऱ्याला तो जात नाही, त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी आयफोनमध्ये ड्रायव्हिंग फोकस लावला तर तो बसमध्ये बसल्यावरपण चालू होतो!! आणि माझ्याकडे स्कूटर आहे, तिला कुठलं ब्लूटूथ?

तुम्ही ऑटोमॅटिक पर्याय निवडलाय. त्यात फोन हालचालीवरून अंदाज बांधतो की आपण गाडीत आहोत, पण चालवतंय कोण आणि खिडकीशी बसून बाहेर बघतंय कोण हे त्याला बिचाऱ्याला कळत नाही. बसमध्ये लागला तर मी गाडी चालवत नाहीये असं सांगायचा पर्याय स्क्रीनवर येतो, तो दाबा की झालं. कारवाल्यांना मी ब्लूटूथचा पर्याय सांगते पण स्कूटरला ऑटोमॅटिकच ठेवा, बसमध्ये एकदा बटण दाबायचा त्रास परवडला. आणि फोन हँडलवर लावू नका, खिशात किंवा बॅगेत ठेवा. रस्ता ऐकायचाच असेल तर हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ स्पीकर मिळतात, दोन्ही कानांत इयरफोन कोंबून मागच्या गाडीचा हॉर्न घालवू नका.

प्रश्न : मुलगा नुकताच गाडी शिकलाय. मोड लावून दिला तर तो काढून टाकेल, गॅरंटी.

टाकेलच. आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये ड्रायव्हिंग फोकस बदलायची परवानगी बंद करता येते, पासकोड तुमच्याकडे ठेवायचा. पण तुम्ही स्वतः तो गाडीत आहे हे माहीत असताना कुठे पोचलास म्हणून फोन करत असाल तर आधी तो थांबवा, त्यापेक्षा लोकेशन शेअर करून घ्या.

प्रश्न : मी तर सगळं बोलूनच करते, मेसेजपण असिस्टंट वाचून दाखवतो, हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर. मग मला काय प्रॉब्लेम?

डोळे रस्त्यावर असतात हो, पण मन? 2015 मध्ये अमेरिकेत एएए फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर संशोधन करणारी संस्था आणि युटा विद्यापीठाने गाड्यांमधल्या आणि फोनमधल्या व्हॉइस सिस्टिम तपासल्या, तर काही सिस्टिम्समध्ये बोलून संपल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला 27 सेकंदांपर्यंत लागत होते. ताशी 60 च्या वेगाने 27 सेकंद म्हणजे 450 मीटर, एवढ्यात एखादा चौक आणि त्यापुढचा झेब्रा क्रॉसिंगसुद्धा मागे पडतो. आणि असिस्टंटने चुकीचं ऐकलं की आपण चिडून तेच पुन्हा सांगतो, मग तिसऱ्यांदा सांगतो, तोवर समोरचा रस्ता नुसता दिसत असतो, बघत कोणीच नसतं.

तरीही टाइप करण्यापेक्षा बोलणं बरंच, ते नको असं मी म्हणत नाहीये. एका ओळीत संपणारी कामं बोलून करा, म्हणजे अमक्याला फोन लाव, पोचायला किती वेळ आहे वगैरे. भांडण, हिशोब आणि लांबलचक व्हॉइस नोट गाडी थांबल्यावर. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो (म्हणजे फोनमधली अ‍ॅप्स गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय, पहिली आयफोनची, दुसरी अँड्रॉइडची) वापरत असाल तर त्यात मेसेज वाचून दाखवतात आणि बरीच अ‍ॅप्स येतच नाहीत, हे चांगलंय, पण मोठी स्क्रीन आहे म्हणून त्यावर गाणं शोधत बसणं म्हणजे फोन हातात घेतल्यासारखंच. ब्रिटनमध्ये 2020 साली आयएएम रोडस्मार्ट या रस्ता सुरक्षा संस्थेच्या चाचणीत टचने वापरताना या दोन्हींमुळे प्रतिक्रिया द्यायचा वेळ निम्म्याहून जास्त वाढलेला दिसला, आवाजाने वापरताना त्याहून कमी, पण वाढलेलाच.

प्रश्न : मॅप तर लागतोच ना, त्याचं काय करायचं?

इंजिन चालू करायच्या आधी पत्ता टाका, आवाज चालू आहे ना बघा, फोन नजरेच्या रेषेत पण काच न झाकता लावा. नेट जातं अशा रस्त्याने जायचं असेल तर गुगल मॅप्समध्ये तो भाग आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, नाहीतर मॅप अडकतो आणि आपण चालत्या गाडीत त्याच्याशी खुडबुड करत बसतो. आणि वळण चुकलं तर चुकलं, तो स्वतःच नवा रस्ता काढतो, तुम्ही काही दाबायचं नाही.